ग्रंथालयाचे दार आणि नवे यंत्र



भिवंडी हे गाव मागाचे म्हणून सर्वत्र ओळखले जाते. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या गावाभोवती मागांच्या शेडइतकीच दुसरी एक गोष्ट वाढली, ती म्हणजे गोदामे. राहनाळ, माणकोली, पूर्णा, काल्हेर ह्या बाजूंनी मुंबई-नाशिक रस्त्याकडे जा, म्हणजे पत्र्याच्या छपरांची रांग संपता संपत नाही. देशातील गिऱ्हाईक घरबसल्या फोनवर बोट टेकवून जो माल मागवितो, त्यातील कितीतरी माल ह्या छपरांखालून बाहेर पडतो. कपडे, भांडी, औषधे, फोन, आणि पुस्तकेसुद्धा.

ह्या गोदामांत आपले तरुण राबतात. प्रत्येकाच्या हाती एक लहानसे यंत्र असते. वस्तूवरील काळ्या पट्ट्यांवर ते धरले की ती वस्तू कोणती, कोणत्या फळीवर ठेवायची, कोणत्या गावी पाठवायची, हे सारे संगणक सांगतो. लाखो वस्तूंतून नेमकी एक वस्तू शोधून काढावयास काही मिनिटे पुरतात. दहा-दहा तास ही विद्या हाताळणारा हा तरुण संध्याकाळी आपल्या वस्तीत परततो, तेव्हा त्याच्या मुलीस हवे असलेले एक पुस्तक शोधून देणारी यंत्रणा मात्र त्याच्या वस्तीच्या आसपास नसते. व्यापाऱ्याच्या मालासाठी जी विद्या भिवंडीत येऊन पोहोचली, ती आपल्या मुलांच्या ज्ञानासाठी का येऊ नये? आजच्या ह्या लेखाचा प्रश्न एवढाच आहे.

ह्यावर एक उत्तर हल्ली फार सहजपणे दिले जाते. ते असे की, आता सगळेच फोनवर आहे, ग्रंथालयाची गरजच काय उरली? हे उत्तर देणारे पुष्कळदा आपलेच शिकलेले लोक असतात. ह्या उत्तरात अर्धे सत्य आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. त्यातील सत्य कोणते व खोट कोणती, हे आपण नीट पारखून घेतले पाहिजे.

प्रथम सत्याचा भाग पाहू. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परत निघाले, तेव्हा त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्ध चालू होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली आणि पोटास चिमटा घेऊन जमविलेली त्यांची पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. कागदाच्या ग्रंथाचे हेच दुर्दैव असते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालापासूनचे. २००५ च्या आणि पुन्हा जुलै २०२१ च्या पुरात पाणी त्याच्या कपाटांत शिरले. भिवंडीकरांसही पुराच्या पाण्याची ओळख करून द्यावयास नको, कारण कामवारी नदीचे पाणी सखल वस्त्यांत येते तेव्हा काय होते, हे आपण पाहिलेले आहे. ग्रंथाची संगणकीय प्रत मात्र एकाच वेळी शंभर ठिकाणी ठेवता येते. एक बुडाली तरी नव्व्याण्णव राहतात.

आणि ह्या प्रती आज खरोखरच उपलब्ध आहेत. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने वसंत मून ह्यांच्या संपादनाखाली १९७९ सालापासून बाबासाहेबांच्या लेखनाचे व भाषणांचे इंग्रजी खंड काढण्यास प्रारंभ केला. हे खंड दुकानात पुष्कळदा मिळत नाहीत. छपाई रखडल्याची बातमी वृत्तपत्रात आली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतः होऊन तिची दखल घेतली, इतकी ती दुरवस्था होती. पण तेच खंड केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय जून २०१८ मध्ये देशास अर्पण झाले. मराठी विश्वकोशाचे वीस खंड संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. जी पुस्तके पाहण्यासाठी पूर्वी मुंबईस जाऊन ओळख काढावी लागे, ती आज काल्हेरच्या खोलीत उघडता येतात. दारावर कोणी जात विचारावयास उभा नाही. ही लहान गोष्ट नव्हे. तिचे मोल आपल्याइतके दुसरे कोण जाणणार?

आता खोटीचा भाग.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांस खुले झाले, असे त्या दिवसापासून कागदावर लिहिलेले होते. महाडचे चवदार तळे पाण्याने भरलेले होते. पण २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याचा एक थेंब आपल्या माणसाच्या ओंजळीत आला नाही. ठराव होता, पाणी होते, आणि तरीही आपण तहानलेले होतो. कारण हक्क जाहीर होणे ही एक गोष्ट, आणि त्या हक्कापर्यंत चालत जाण्याची वाट मोकळी असणे ही दुसरी.

आजच्या ज्ञानाच्या तळ्याची स्थिती अशीच आहे. तळे भरलेले आहे आणि फलक सर्वांस खुले असल्याचा आहे. पण तेथवर जाण्याच्या वाटेवर काय काय उभे आहे, ते पाहा.

पहिला अडसर पैशाचा. ज्या घरात एकच फोन आहे, त्या घरी तो कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात असतो. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर आले, तेव्हा ह्या एका फोनाने किती मुलांचे वर्ष वाया घालविले, हे आपल्या वस्त्यांना कोणी सांगावयास नको. फोन मिळाला तरी रिचार्ज संपतो. आणि हाताएवढ्या काचेवर पाचशे पानांचा ग्रंथ वाचणे म्हणजे किल्लीच्या भोकातून घर पाहणे होय.

दुसरा अडसर जागेचा. ह्याचा विचार कोणी करीतच नाही. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांचे घर म्हणजे परळच्या चाळीतील एक खोली. त्या खोलीत सारे कुटुंब. सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासास उठवीत. संध्याकाळी हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसे. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची दृष्टी त्याच्यावर गेली. मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. त्या एका पुस्तकाची वाट १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या मैदानापर्यंत गेली, हे ह्या पाक्षिकाच्या वाचकांस ठाऊकच आहे.

ह्या हकीकतीत पुस्तकाइतकीच आणखी दोन गोष्टींना किंमत आहे. एक, बसून वाचावयास मिळालेली जागा. दुसरी, योग्य वेळी योग्य पुस्तक हाती देणारा जाणता माणूस. भिवंडीच्या वस्तीतील आठ बाय दहाच्या खोलीत, शेजारी माग खडखडत असताना, दहावीची मुलगी कोठे बसून वाचणार? फोन तिला पुस्तक देईल, पण शांतता आणि टेबल-खुर्ची देणार नाही. आज गावोगाव खाजगी अभ्यासिका निघाल्या आहेत. महिन्याचे पैसे भरणारास तेथे खुर्ची मिळते. म्हणजे पुस्तक फुकट झाले आणि खुर्ची विकत झाली!

तिसरा अडसर भाषेचा व शोधाचा. पुष्कळ जुन्या ग्रंथांची पाने केवळ छायाचित्रे म्हणून संगणकावर चढविलेली आहेत. छायाचित्रातला शब्द यंत्राला वाचता येत नाही, म्हणून तो शोधूनही सापडत नाही, आणि अंध वाचकाला पान वाचून दाखविणारे यंत्रही तेथे मुके होते. कित्येक मराठी मजकूर जुन्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या टंकांत अडकून पडले आहेत. जो मजकूर युनिकोडमध्ये नाही, तो यंत्राच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नाही. अंध बांधवांस सुगम रूपात पुस्तके मिळावीत म्हणून २०१३ साली माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि त्यास मान्यता देणारा पहिला देश २०१४ साली भारतच होता. पण करारास पहिली मान्यता देणाऱ्या देशात आपले मराठी ग्रंथ अजून छायाचित्रांच्या तुरुंगात आहेत.

ह्या तिन्ही अडसरांवर उपाय एकच, आणि तो म्हणजे वस्तीजवळचे, विनामूल्य, सार्वजनिक ग्रंथालय. नव्या यंत्राने ग्रंथालयाची गरज संपविलेली नाही, त्याचे काम पालटविले आहे. पूर्वी ग्रंथालयाचे मुख्य काम पुस्तके जपण्याचे होते, म्हणून कपाटास कुलूप आणि पुस्तकास अनामत. आता पुस्तकाची प्रत हवेतून येते. म्हणून जपावयाचे ते वाचकाला. त्याला जागा द्यावयाची, यंत्र द्यावयाचे, आणि कोट्यवधी पानांच्या जंगलात वाट दाखविणारा माणूस द्यावयाचा. ग्रंथपालाचे पद ह्यामुळे लहान होत नाही. ते केळुसकर गुरुजींच्या पदापर्यंत जाऊन पोहोचते.

असे ग्रंथालय आपल्या राज्यात कायद्याने मिळते काय? नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. त्या कायद्याखाली राज्यात हजारो ग्रंथालये अनुदानावर चालतात, त्यांस अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. परंतु ह्यांतील बहुसंख्य ग्रंथालये सरकारने चालविलेली नव्हेत. ती संस्थांनी चालविलेली आहेत, आणि घरी पुस्तक न्यावयाचे तर वर्गणी व अनामत भरावी लागते. १९४८ साली मद्रास प्रांताने कायदा केला तेव्हा मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसविला. कर्नाटकाने १९६५ साली तेच केले. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. शासनाच्या मर्जीवर अनुदान, आणि अनुदानावर ग्रंथालय! महापालिकांच्या कायद्यातही पाणी आणि दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत, ग्रंथालय हे मात्र ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आपल्या संस्थानात विनामूल्य ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला, खेड्यापाड्यांत पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठविली. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, त्या संस्थानाने शतकापूर्वी केले ते आपल्या प्रगत राज्यास अजून कायद्याने करता आलेले नाही.

पैसा नाही ही सबब आता टिकणारी नाही. ग्रंथालयाची संगणकीय सूची ठेवणारी आज्ञावली पूर्वी महाग होती, हे खरे. परंतु न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ह्या लहान भागातील ग्रंथालयासाठी १९९९ साली ‘कोहा’ नावाची आज्ञावली तयार झाली आणि ती जगास विनामूल्य देण्यात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपल्या देशातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानेही ‘ई-ग्रंथालय’ ही आज्ञावली सरकारी ग्रंथालयांसाठी केलेली आहे. गोदामातील पट्टी वाचणारे यंत्र आणि ग्रंथालयातील पट्टी वाचणारे यंत्र एकाच जातीचे असते. शिवाय युनिकोडमुळे मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू पुस्तके एकाच सूचीत बसतात. ज्या गावात ह्या चारही भाषा बोलणारे कामगार एकाच शेडमध्ये काम करतात, त्या भिवंडीस ह्याहून उपयोगी गोष्ट कोणती?

येथपर्यंत आपण यंत्राचे गुण पाहिले. आता त्याचे दोन धोके सांगितल्याशिवाय हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पहिला धोका मालकीचा. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. विकणाराकडे त्या पुस्तकांचे हक्क नव्हते, एवढेच कारण होते. पैसे परत दिले, पुढे कंपनीने माफीही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून नाहीसे होऊ शकते, हे त्या दिवशी जगास कळले. कागदाचे पुस्तक घरातून न्यावयाचे तर कोणास तरी दार ठोठवावे लागते. ज्या समाजाचा इतिहास वारंवार पुसला गेला, त्या समाजाने आपले वाङ्मय केवळ दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवून निश्चिंत राहावे, हा शहाणपणा नव्हे. संगणकीय प्रत हवीच, परंतु ती आपल्या ग्रंथालयाच्या मालकीची हवी, आणि शेजारी छापील प्रतही हवी.

दुसरा धोका ह्याहून सूक्ष्म आहे. जुन्या ग्रंथालयातील नोंदवहीत आपले नाव व पुस्तकाचे नाव असे, आणि ती वही कपाटात धूळ खात पडे. नव्या यंत्रास विसरणे ठाऊक नाही. कोणी काय मागितले, किती पाने वाचली, कोठे थांबला, ह्याची नोंद ते ठेवू शकते. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढले आणि हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाणारासही जिल्हादंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल, असे बजावले. धर्मांतराचा निर्णय वाचनातून आणि चिंतनातून होतो. ज्या राज्यात असा निर्णय सरकारास विचारून घ्यावा लागतो, तेथे कोण कोणते पुस्तक वाचतो ह्याची यादी कोणाच्या हाती जावी? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिलेला आहे. वाचकाची निवड हा त्या हक्काचा गाभा होय. पुस्तक परत आले की वाचकाचे नाव पुसण्याची सोय कोहासारख्या आज्ञावलीत आहे. म्हणजे यंत्रास विसरावयास शिकविता येते. ते शिकवावयाचे की नाही, हे ठरविणारा माणूसच आहे, आणि त्यास जाब विचारणारे आपण असले पाहिजे.

बंधुभगिनींनो, भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने राज्याच्या पैशातून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते व सार्वजनिक स्थाने ह्यांच्या वापरात भेद करण्यास मनाई केली आहे. अनुदानावर चालणारे ग्रंथालय हे असे सार्वजनिक स्थान नव्हे, असे कोण म्हणेल? पण वर्गणी भरू न शकणाऱ्या मुलाला दारातून परत जावे लागते, तेव्हा कोणी त्याची जात विचारीत नाही, आणि तरीही परत जाणारी मुले बहुधा त्याच त्या वस्त्यांतील असतात. हा भेद दंडा घेऊन उभा राहत नाही, तो पावतीपुस्तक घेऊन बसतो.

तेव्हा आपण करावयाचे काय? महापालिका आपल्या हद्दीत किती ग्रंथालये चालविते, त्यांवर वर्षास किती रुपये खर्च करते, किती ठिकाणी वाचकांसाठी संगणक आहेत, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज करून विचारता येते. प्रत्येक वस्तीतून असा एक अर्ज जाऊ द्या. जी उत्तरे येतील ती घेऊन नगरसेवकाच्या व आमदाराच्या दारी जा, आणि तीन गोष्टी मागा. प्रत्येक प्रभागात वर्गणी व अनामत न घेणारे ग्रंथालय. तेथे संगणक, जोडणी आणि ते शिकविणारा, पगारी व शिकलेला ग्रंथपाल. आणि बारा तासांची पाळी करणाऱ्या मागावरच्या कामगारास जाता येईल असे रात्रीचे व रविवारचे तास. गोदाम रात्रभर उघडे राहू शकते, तर वाचनाची खोली रात्री दहापर्यंत उघडी का राहू नये?

आणि सरकार करील तेव्हा करील, आपल्या हाती आहे ते आजच करू या. वंदनेनंतर जे विहार दिवसभर बंद राहते, त्याची किल्ली संध्याकाळी वाचणाऱ्या मुलांच्या हाती द्या. तेथे दोन टेबले, एक जुना संगणक आणि एक जोडणी एवढ्याने प्रारंभ होतो. गोदामात पट्टी वाचणारे यंत्र चालविणारा तरुण आठवड्यातून दोन तास देईल, तर पुस्तकांची सूची तोच करील, कारण ती विद्या त्याला अवगत आहे. घराघरांतील पेट्यांत आपल्या चळवळीचे जुने अंक, पत्रके, सभांची हँडबिले वाळवीची वाट पाहत पडली आहेत. त्यांची छायाचित्रे काढून मजकूर युनिकोडमध्ये टंकित करणे हे काम महाविद्यालयातील मुले करू शकतात. परक्या कंपनीचे यंत्र ते काम आपल्यासाठी आपण होऊन करणार नाही.

चवदार तळ्यावर आपण गेलो ते केवळ पाण्यासाठी नव्हे, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. आपणही इतरांसारखीच माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आपण गेलो. ग्रंथालयाच्या दाराशीही आपल्याला त्याचसाठी जावयाचे आहे. आज ते दार कोणी बंद केलेले नाही. ते आपल्या वस्तीत अजून बसविलेच गेलेले नाही. ते बसवून घेणे हे आपल्या पिढीचे काम आहे.